एक बाक, दोन पेन्सिली

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकू नये, असा एक अलिखित नियम आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पाळला जातो. चाळिशीनंतर फार तर चष्मा घ्यावा, विम्याचा हप्ता वेळेवर भरावा, सकाळी फिरायला जावे आणि तरुण पिढीविषयी काळजी करावी. या वयात गाणे शिकायला बसलात, तर शेजारी खिडक्या लावून घेतात. पोहायला गेलात, तर पत्नी डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवते. आणि चित्रे काढायला बसलात, तेही घरात दार लावून नव्हे, तर गावातल्या बागेत चारचौघांच्या देखत, तर लोक तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी गेले वर्षभर अनुभवतो आहे. “सर, रिटायर झाले का?” हा प्रश्न मला आजवर सात जणांनी विचारला आहे. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, भुसावळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि माझ्या निवृत्तीला अद्याप बराच अवकाश आहे.

वास्तविक वरणगाव हे चित्रकारांनी शोधत यावे असे गाव नव्हे. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही भुसावळला केळी घेता. ती सोलून खाऊन होतात न होतात तोच आमचे स्टेशन मागे पडलेले असते. कोकणातल्या माणसाला अंगणात उभे राहिले की माड, समुद्र आणि होडी असे तयार चित्र मिळते. वाईकडच्या मंडळींना कृष्णेचे घाट आणि देवळे आहेत. आमच्याकडे कपाशीची काळीभोर जमीन, केळीचे मळे, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारा पारा, पश्चिमेला दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली म्हणजे उत्तरेला सातपुड्याची एक फिकट रेघ. तापीवरचे हतनूर धरण जवळ आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरे घेतलेली मंडळी उतरतात. एरवी गावाची ओळख म्हणजे 1964 साली सुरू झालेली आयुधनिर्माणी. इथल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्याच्या पगारावर पेटली. आमचीही त्यांतलीच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 1972 साली तिथे फिटर म्हणून लागले आणि 2010 साली निवृत्त झाले.

बाग म्हणाल, तर तीही मोठी नाही. भोवती तारेचे कुंपण, आतून फरशीची एक गोल वाट, दोन कडुनिंब, एक गुलमोहर, एक घसरगुंडी, पाठीवर देणगीदारांची नावे कोरलेले सिमेंटचे चार बाक, आणि कुंपणापलीकडे उंच खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी. एवढ्या सामग्रीवर मी दोन वह्या भरल्या आहेत. अजून बाग संपलेली नाही.

या छंदाला मी आपणहून गेलो नाही. 2024 च्या मार्च महिन्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. जळगावला उपचार झाले, जीव वाचला, पाय हळूहळू चालता झाला. पण उजवा हात अडून बसला आणि त्याच्याबरोबर जीभही. ही दोन्ही एकदम का जातात, ते डॉक्टरांनी मला कागदावर मेंदूचे चित्र काढून समजावले. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात असते, आणि बहुतेक माणसांच्या बोलण्याचा कारभारही त्याच डाव्या बाजूला चालतो. 1861 साली पॅरिसमधल्या पॉल ब्रोका नावाच्या शल्यवैद्याने एका रुग्णाच्या मेंदूवरून बोलण्याच्या कारभाराची मेंदूतली जागा ताडली. त्या रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, पण तोंडातून बहुतेक वेळा ‘टॅन’ एवढाच उच्चार बाहेर पडे. आबांच्या वाट्याला त्याहून मोठा शब्द आला. तो शब्द म्हणजे ‘बरोबर’. पाणी हवे असले तरी ‘बरोबर’, नको असले तरी ‘बरोबर’, आणि भाजीत मीठ कमी पडले तर कपाळाला आठी घालून पुन्हा ‘बरोबर’च. माझा सगळा चरितार्थ शब्दांवर चाललेला. आणि माझ्याच घरात शब्दांनी संप पुकारला.

खरे सांगायचे, तर आम्हां बापलेकांत शब्दांची देवघेव आधीही फार होती असे नाही. 1995 साली मी दहावी झालो तेव्हा आबांनी आयटीआयचा अर्ज आणून टेबलावर ठेवला होता. मी आर्ट्सला गेलो. भांडण झाले नाही. ते एवढेच म्हणाले, “तुझं तू बघ.” तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षे आमचे बोलणे विजेचे बिल, वर्षाचे गहू आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा यांच्या पलीकडे गेले नाही. मी कविता शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, हे त्यांनी कधी विचारले नाही. आणि अडतीस वर्षे ते कारखान्यात नेमके काय करत होते, हे मीही विचारले नाही. घराघरांतून असेच चालते. त्यात कोणाला काही उणे वाटत नाही. मात्र एके दिवशी बोलायची सोयच उरत नाही, तेव्हा ते सगळे न बोललेले घरात येऊन बसते.

डॉक्टरांनी रोज संध्याकाळी त्यांना चालवायला सांगितले. बागेला एक फेरी, मग बाकावर अर्धा तास विसावा, मग दुसरी फेरी, असा क्रम ठरला. त्या अर्ध्या तासाचे करायचे काय? गप्पा शक्य नव्हत्या. मोबाइलमध्ये डोके घालून बापाशेजारी बसणे मनाला पटेना. मुलीने इंटरमिजिएट ग्रेडच्या परीक्षेसाठी आणलेली आणि परीक्षा संपताच माळ्यावर टाकलेली चित्रकलेची वही घरात होती. ती आणि एक पेन्सिल घेऊन मी बाकावर बसू लागलो. समोर कडुनिंब होता. तो काढायला घेतला.

गुरू मला तिथेच भेटले. एके काळी शाळेत चित्रकला शिकवलेले एक गृहस्थ रोज त्या वाटेवर आठ फेऱ्या मारतात. गाव त्यांना ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणूनच ओळखते. फेरी मोडणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. त्यामुळे आमचे शिक्षण साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीसारखे झाले. सर बाकाजवळून जाताना एक वाक्य टाकत आणि पुढे निघून जात. पुढचे वाक्य सहा मिनिटांनी, फेरी पूर्ण झाल्यावर. मधल्या सहा मिनिटांत मी ते वाक्य अमलात आणायचे.

पहिल्या फेरीत ते म्हणाले, “सगळी बाग काढायची नाही. चौकट करा.” मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला खिडकी कापली आणि तिच्यातून पाहिले. काय आश्चर्य! डोळ्यांपुढचा पसारा एकदम शहाणा झाला. टाकी बाहेर गेली, घसरगुंडी अर्धी कापली गेली, आणि कडुनिंब अधिक वाटेचा तुकडा एवढेच उरले. दुसऱ्या फेरीत म्हणाले, “हात ताठ. एक डोळा बंद. पेन्सिलीवर मोजा.” हात पुढे ताणून पेन्सिलीच्या टोकाने झाडाचा शेंडा गाठायचा, अंगठ्याने बुंधा पकडायचा, आणि तेच माप आडवे धरून झाडाची रुंदी उंचीच्या किती पट आहे ते पाहायचे. हात वाकला की माप बदलले. तिसऱ्या फेरीत म्हणाले, “पानं काढू नका. डोळे किलकिले करा.” डोळे किलकिले केले की पाने नाहीशी होतात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठमोठे गोळे तेवढे शिल्लक राहतात. झाड त्या गोळ्यांचे बनलेले असते. पाने ही त्यानंतरची गोष्ट. चौथ्या फेरीत म्हणाले, “क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. बसलात की खाली येतं, उठलात की वर जातं.” मी दोनतीन वेळा उठबस करून खात्री करून घेतली. त्यावर घसरगुंडीवरची पोरे मनमुराद हसली.

सावल्यांचा धडा सरांनी दोन फेऱ्यांत विभागून दिला. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या बैठकीत सावली चांगलीच हलते. चित्राच्या आरंभीची सावली आणि शेवटची सावली एकाच कागदावर आल्या, तर आकाशात दोन सूर्य असल्याचा भास होतो. म्हणून बसताक्षणी सावलीची कड आखून मोकळे व्हावे, मग सूर्याने हवे ते करावे. खानदेशात तर दुपार ही चित्राची वेळच नव्हे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाला सावलीच राहत नाही. ज्याला सावली नाही, त्याला चित्रात गोलाई नाही. आमचे ऊन माणसाला जसे घरात बसवते, तसे झाडांनाही सपाट करून टाकते. खरी झाडे दिसतात ती सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर.

पेन्सिलीविषयीही मला नवे ज्ञान झाले. एच म्हणजे कठीण आणि बी म्हणजे काळी व मऊ, एवढे शाळेपासून माहीत होते. पण हा फरक कशाने पडतो, याची चौकशी कधी केली नव्हती. 1795 साली निकोला-जाक कॉन्ते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून कांड्या भाजण्याची युक्ती काढली. माती अधिक तर पेन्सिल कठीण, ग्रॅफाइट अधिक तर मऊ. इंग्लंडशी युद्ध चाललेले, तिथल्या खाणीतले उत्तम ग्रॅफाइट मिळेना. त्या अडचणीतून हा शोध लागला. दूरचा सातपुडा काढायला एच आणि जवळचा बुंधा काढायला बी, असे सर सांगतात. त्यालाही कारण आहे. आपल्यात आणि डोंगरात मैलोगणती हवा असते. ती हवा प्रकाश विखुरते, त्यातही निळा अधिक. त्यामुळे दूरच्या वस्तूंचा काळेपणा उजळतो, उठाव मावळतो, आणि कितीही हिरवा डोंगर निळसर, फिकट होऊन बसतो. म्हणजे डोंगर काढताना आपण निम्मी हवाच काढत असतो.

बागेत चित्र काढणाऱ्याला टीकाकारांची वाण पडत नाही. एक लहान मुलगी रोज येऊन “झाड जाड झालं” असे सांगून जाते. भुईमुगाच्या शेंगा विकणारे एक काका तर माझ्या पाठीशीच उभे राहतात. “काय काढून राहिले सर?” “झाड.” “ते तर समोर आहेच!” या युक्तिवादाला सौंदर्यशास्त्रात अजून उत्तर सापडलेले नाही. एका तरुणाने मात्र नेमके बोट ठेवले. “सर, मोबाइलवर फोटो काढा न् घरी पंख्याखाली बसून उतरवा. इथे डास खात का बसता?”

त्याला मी चाळीसगावच्या केकी मूस यांची हकिकत सांगितली. आमच्याच जिल्ह्यातला हा विलक्षण कलावंत. जन्म 1912 चा, मृत्यू 1989 चा. विलायतेहून शिकून आले आणि आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे, अगदी अपवादाचे प्रसंग सोडले तर, चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर पडले नाहीत. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून त्यांनी अशी छायाचित्रे घेतली की पाहणाऱ्याला मोठमोठी निसर्गदृश्ये भासावीत. तेव्हा घरात बसून निसर्ग निर्माण करता येत नाही असे मुळीच नाही. पण त्यासाठी केकी मूस असावे लागते. माझ्यासारख्या सामान्य माणसाला बागेत येऊन डासच खावे लागतात. शिवाय फोटोला एक डोळा असतो आणि तो क्षणभर उघडतो. मी अर्धा तास बसतो. तेवढ्यात वारा पडतो, चिमण्या झाडात शिरतात, टाकीवरचे ऊन पिवळ्याचे तांबडे होते. तो अर्धा तास कागदावर कुठे ना कुठे उतरतो.

सरांच्या धड्यांपैकी एक धडा मात्र थेट माझ्या वर्गात जाऊन पोहोचला. फरशीची वाट काढायची होती. उन्हात ती पांढरी लखलखत होती. मी विचारले, “सर, पांढरं कसं काढायचं?” सहा मिनिटे वाट पाहिली. उत्तर आले, “पांढरं काढायचं नसतं. राखायचं असतं.” म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना गवताची काळोखी भरत जायची आणि मधला कागद कोरा सोडायचा. मी तसे केले, आणि कागदावर वाट आपोआप उजळली. त्याच क्षणी मला बालकवींचा ‘औदुंबर’ आठवला. ही कविता मी वीस वर्षे शिकवतो आहे. आठच ओळींची कविता. त्या झाडाच्या उदासीनतेवर, गूढतेवर आपल्याकडे किती लिहिले गेले आहे! पण बाकावर बसून आठवल्यावर ती मला निसर्गचित्राच्या क्रमाने दिसली. आधी पाणी, मग पलीकडे टेकडीजवळचे लहानसे गाव, मग त्याच्या अलीकडचे शेतमळे, मग त्यांतून निघून खाली डोहाकडे येणारी पांढरी वाट, आणि अगदी शेवटी, अगदी जवळ, ते झाड. नजर आधी लांब जाते आणि वाटेवरून चालत परत येते. सगळ्या हिरव्याकाळ्यात ती वाट तेवढी राखलेली.

बालकवीही आमच्याच मातीतले. 1890 साली धरणगावला जन्मले आणि 1918 साली भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. आबांना तपासणीसाठी जळगावला नेतो तेव्हा वाटेत भादली लागते. पूर्वी मी त्या स्टेशनावर कवीचा मृत्यू आठवत असे. आता तिथे गाडी हळू झाली की खिडकीच्या चौकटीतून रुळांकडे, शेतांकडे, दूरच्या झाडांकडे पाहतो. या माणसाने काय काय पाहून ठेवले होते, हे आठवतो. यंदा वर्गात ‘औदुंबर’ शिकवताना मी मुलांना आधी फळ्यावर कवितेचा आराखडा काढायला लावला. खडूने गाव कुठे, डोह कुठे, झाड केवढे यावर चांगलाच वाद झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यापाशी येऊन म्हणाला, “सर, झाड इतकं जवळ आहे, तर बघणारा पाण्याच्या काठालाच उभा असेल.” हा मुद्दा मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेला नाही.

पण हे सगळे मी ज्यासाठी सांगत आहे, ती गोष्ट पुढेच आहे.

2024 च्या ऑगस्टमधली एक संध्याकाळ. पाऊस उघडला होता. दुसरा कडुनिंब, तो थोडा कललेला आहे, मी काढायला घेतला होता. कललेला आहे हे दिसत होते. पण किती, ते ठरत नव्हते. पेन्सिल उभी धरून पाहिली, तर पेन्सिल स्वतः उभी आहे की तिरपी, हाच प्रश्न. आबा शेजारी बसून पाहत होते. त्यांनी डाव्या हाताने माझ्या खिशाकडे बोट केले. मी मोबाइल काढला. त्यांनी मान हलवली. रुमाल काढला, मान हलवली. किल्ल्यांचा जुडगा काढला, तेव्हा त्यांनी तो घेतला. मग आमच्या कापडी पिशवीच्या नाडीकडे बोट केले. मी नाडी ओढून काढली आणि त्यांच्या खुणेप्रमाणे तिच्या टोकाला किल्ल्या बांधल्या. आबांनी नाडीचे दुसरे टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरले, हात पुढे ताठ केला, एक डोळा मिटला, आणि किल्ल्यांचे हेलकावे थांबेपर्यंत थांबले. मग नाडी माझ्या डोळ्यांपुढे धरली. झाडाचा बुंधा आणि ती नाडी यांच्यामध्ये एक निमुळती पाचर दिसत होती. झाड किती कलले आहे, ते तिथे लिहून ठेवल्यासारखे होते.

“बरोबर,” आबा म्हणाले. पाच महिन्यांत प्रथमच तो शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने आमच्या घरात उच्चारला गेला.

“ओळंबा!” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. “ओ... ओळंबा,” असे ते सावकाश म्हणाले आणि किल्ल्या माझ्या हातात देऊन पुन्हा टाकीकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी तो शब्द गेला होता. मी तीनदा म्हणून दाखवला. त्यांना तो सापडला नाही. पण नाडी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती घेतली, हात ताणला, डोळा मिटला आणि हेलकावे थांबण्याची वाट पाहिली. वस्तूचे नाव विसरले होते, पण वस्तू हातात होती. तिसऱ्या दिवशी मी वहीबरोबर दोन पेन्सिली नेल्या.

डाव्या हाताने पेन्सिल धरायला त्यांना आठवडा लागला. आधी नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, उभ्या, आडव्या. मला वाटले, हे हाताला वळण लावणे चालले आहे. एके दिवशी त्या रेघांतून पाण्याची टाकी उभी राहिली. वाकडीतिकडी, थरथरत्या रेघेची. पण मी काढलेल्या टाकीपेक्षा अगदी निराळी. माझ्या चित्रात पलीकडचे खांब आखूड आणि बारीक होते, टाकीचा तळ लंबगोल दिसत होता. त्यांच्या टाकीचे सगळे खांब एका मापाचे, एकमेकांना समांतर. आणि टाकीच्या खाली, थोडे अंतर सोडून, त्यांनी एक वर्तुळ काढले होते, त्यात खांबांच्या जागी सहा ठिपके. मला उलगडा होईना. इतक्यात सरांची फेरी आली. कागद पाहून सर चक्क थांबले. माझ्या आठवणीत त्यांनी फेरी मोडली ती ही एकदाच.

“हे माझ्या विषयातलं नाही,” ते म्हणाले. “हा यांचा विषय. वर समोरून दिसणारी टाकी, खाली वरून दिसणारी. कारखान्यात असंच ड्रॉइंग असतं.”

मग माझ्या ध्यानात आले. आबांनी अडतीस वर्षे असली चित्रे वाचली होती. त्या चित्रांत दूर आणि जवळ नसते. पलीकडचा खांब लहान दिसतो म्हणून लहान काढला, तर त्या मापाने धातू कापणारा माणूस फसेल. म्हणून तिथे वस्तू समोरून, वरून, बाजूने अशी फिरवून पाहायची आणि प्रत्येक बाजू तिच्या खऱ्या मापाने मांडायची. ती टाकी वरून कशी दिसते, हे आमच्या गावात कोणी पाहिले असेल? आबांनी बाकावर बसून पाहिले होते. माझ्या चित्राला मी कुठे बसलो आहे हे विचारावे लागते. त्यांच्या चित्राला ते विचारावे लागत नाही. मी जे दिसते ते काढतो आणि ते जे आहे ते काढतात. तीस वर्षे आम्ही एका घरात राहून कदाचित हेच करत आलो असू. दोन्ही चित्रे टाकीचीच होती.

भुसावळच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. हा मद्रासच्या पलटणीतला अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने 1844 साली त्यांना नेमले. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात खपून त्यांनी मोठमोठ्या तैलचित्रांत त्या नकला उतरवल्या आणि विलायतेला पाठवल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि चारपाच सोडून त्यांतली सगळी चित्रे जळून गेली. गिल तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांनी पुन्हा त्याच लेण्यांत जाऊन त्याच चित्रांच्या नकला करायला घेतल्या. 1879 साली ते वारले. ही हकिकत मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होती आणि तिच्यातली शोकांतिका मी रंगवून सांगतही असे. आता तिच्यातला दुसराच भाग मनात राहतो. साठी उलटलेला माणूस पुन्हा त्याच भिंतीसमोर बसतो आणि पहिली रेघ काढतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आबांनी दुसऱ्या हाताने पहिली रेघ काढली, तेव्हा त्यांना गिल ठाऊक नव्हते.

आता या गोष्टीला वर्ष उलटून गेले. आबा बोलू लागले असे म्हणता येणार नाही. वीसपंचवीस शब्द परत आले आहेत; त्यांत आईचे नाव आहे, चहा आहे, गाडी आहे, आणि काही दिवस ‘रबर’ही होता. उजव्या हाताने त्यांना अजून लिहिता येत नाही. पण तो हात वहीवर ठेवला की वाऱ्याने पान उडत नाही, इतपत त्याचा उपयोग होतो. वहीचे डावे पान माझे, उजवे त्यांचे. मी कडुनिंब काढतो, ते बाकाचे समोरचे आणि वरचे दृश्य काढतात. मला कधी झाडाचा तोल ठरवता आला नाही, तर नाडी मागतो. त्यांना टाकीच्या एखाद्या भागाचे नाव हवे असते, तेव्हा ते माझ्याकडे पाहतात आणि मी चारपाच शब्द म्हणून दाखवतो. नेमका शब्द आला की ते म्हणतात, “बरोबर.” कारखान्यातला त्यांचा कोणता भाग कसा असे, हेही आता मला थोडेथोडे कळू लागले आहे; कारण मागच्या महिन्यापासून त्यांच्या पानावर बागेत नसलेल्या वस्तू येऊ लागल्या आहेत. मी विचारतो, ते पेन्सिलीने उत्तर देतात. 1995 साली टेबलावर आलेल्या त्या अर्जातही हेच सगळे होते. तेव्हा ते सांगायला त्यांच्याकडे शब्द होते, पण ते फार बोलणारे नव्हते.

माझी चित्रे चांगली आहेत असा माझा दावा नाही. सर अजूनही जाता जाता “झाड जमिनीत घाला, वर ठेवू नका” असे बजावतात आणि ती लहान मुलगी अजूनही झाड जाड असल्याचा निकाल देते. पण वाचकहो, तुमच्याही घराजवळ एखादी बाग असेल आणि तुमच्याही शेजारी बाकावर बसणारे कोणी असेल. दिवाळीच्या सुट्टीत मुलांची जुनी वही माळ्यावरून काढा. मोठे चित्र काढू नका. एक झाड पुरे. शेजारच्याला पेन्सिल देण्याची घाई करू नका, पण दुसरी पेन्सिल खिशात असू द्या.

आमच्याकडे पाऊस संपला आहे आणि उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसू लागली आहे. कार्तिकात दिवस लवकर मावळतो, म्हणून आम्ही आता अर्धा तास आधी निघतो. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी दोन्ही पेन्सिलींना टोके करून ठेवणे हे माझे काम आहे. आबांना टोक लांब लागते, मला आखूड. हे त्यांनी मला खुणेने समजावले. तेव्हापासून मी आधी त्यांची पेन्सिल घेतो.